पिस्तुलाचं दुकान आणि आपली हिफाजत

"भाई, अब लायसन निकालनाच पडेगा." लग्नाच्या पंगतीत, मशिदीबाहेरच्या टपरीवर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलंय. लायसन गाडीचं नाही, पिस्तुलाचं. आणि बोलणारी पोरं गुंड नाहीत. कुणी सीए आहे, कुणाचं कापडाचं दुकान आहे, कुणी माझ्यासारखा दिवसभर कोड लिहितो. मोबाईलवर रोज जे व्हिडिओ येतात ते बघून त्यांची झोप उडालीय. त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ती मलाही वाटते.

पण दोस्तांनो, भीती खरी असली म्हणून तिच्यावर सुचलेला प्रत्येक उपाय खरा ठरत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. परवान्याचं पिस्तूल आपली हिफाजत करत नाही, हिफाजत झाल्यासारखं वाटायला लावतं. हे वाटणं फार महागात पडतं, कारण खऱ्या हिफाजतीला लागणारा पैसा, वेळ आणि माणसं त्यातच संपतात. भावनेचा भाग बाजूला ठेवून हा हिशेब एकदा मांडू.

दुकानात काय विकलं जातं

मागच्या वर्षी माझ्या खालाजाद भावाला परवाना मिळाला. तो बांधकामाची कंत्राटं घेतो, हातात पैसा आहे, दोन-तीन वैरीही आहेत. खरेदीला सोबत म्हणून मी गेलो. मोठ्या शहरातलं नावाजलेलं, जुनं दुकान. लोखंडी जाळीचा दरवाजा, आतून कडी, वर कॅमेरा. भिंतीवर बाराबोरच्या दुनळ्या रांगेनं उभ्या. काचेच्या कपाटात मखमलीवर रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलं. मालकानं आधी परवान्याचं पुस्तक मागितलं, नोंदवहीत लिहून घेतलं आणि मग चहा मागवला. कागदोपत्री सगळं चोख.

माल दोन प्रकारचा. एक देशी, म्हणजे सरकारी आयुध कारखान्यांचा आणि आता काही खासगी कंपन्यांचा. दुसरा 'इंपोर्टेड'. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आणणं जवळजवळ बंद झालं. त्यामुळे त्याआधी देशात आलेली पिस्तुलं हातोहाती फिरत राहिली आणि दर वर्षी महाग होत गेली. चाळीस-पन्नास वर्षं जुनं, कुणाच्या तरी आजोबांचं पिस्तूल आज अनेक लाखांना जातं. मालक ते काढून दाखवत होता तेव्हा त्याचा आवाजही सराफासारखा झाला होता.

आम्ही तिथं दीड तास होतो. त्या वेळात वजन, फिनिश, मूठ, चामड्याचं कव्हर या सगळ्यावर बोलणं झालं. "घरात लहान मुलं आहेत का? हे ठेवणार कुठं? तुम्ही आयुष्यात किती गोळ्या झाडल्यात?" यातलं एकही कुणी विचारलं नाही. भाऊ माझ्याकडं वळून म्हणाला, "इम्रान, शेरवानीवर कसं दिसंल रे?" मला त्याचा राग आला नाही. दुकानानं जे मांडलं होतं तेच तो बघत होता.

या धंद्याचं मर्म बघायचं असेल तर 'निर्भीक' आठवा. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्यानं बायकांसाठी म्हणून ०.३२ बोअरचं हलकं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये, आणि ते यायचं दागिन्यांच्या डबीसारख्या डबीत. बलात्काराच्या भीतीतून जन्मलेली वस्तू, तीही फक्त सव्वा लाख मोजू शकणाऱ्या बाईसाठी. जी रात्रपाळी करून बसनं घरी येते, तिच्यासाठी त्या डबीत काय होतं?

सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवर ४० टक्के जीएसटी आहे. याच टप्प्यात खासगी विमानं आणि यॉट आहेत. म्हणजे सरकारी हिशेबातही ही चैनीची वस्तू आहे. १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणानं कुणाला परवाना नाकारता येणार नाही. कायद्यानं गरिबाला दार उघडं ठेवलं, ते किमतीनं लावून घेतलं. दंगलीत आधी कोण मरतं हे आपल्याला माहीत आहे. हातगाडीवाला मरतो, बेकरीतला कामगार मरतो, रिक्षावाला मरतो. शेरवानीवर पिस्तूल लावणारा सहसा मरत नाही.

धोका कुठून येतो, ते आधी लिहा

आमच्या कामात एखादी यंत्रणा सुरक्षित करायची असेल तर कुलूप विकत घेण्याआधी एक कागद करतात. धोका कुणाकडून आहे, कोणत्या वाटेनं येईल, आला तर काय जाईल, हे त्यावर लिहायचं. तो कागद न करता घेतलेलं कुलूप बहुतेक वेळा चुकीच्या दाराला लागतं.

आपला कागद आधीच तयार आहे. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीची चौकशी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगानं केली. आयोगानं ९०० मृत्यू मोजले आणि ते कशानं झाले हेही सांगितलं. पोलिसांच्या गोळीबारात ३५६, भोसकून ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या हल्ल्यात ८०, खासगी गोळीबारात २२, इतर कारणांनी ४.

हे आकडे सावकाश वाचा. सगळ्यात मोठा आकडा पोलिसांच्या गोळ्यांचा आहे. त्या गोळीपुढं तुमच्या कमरेचं पिस्तूल काय करणार? उलट ते तुमच्याकडं आहे एवढं कळणंच पुरेसं ठरेल. ९ जानेवारी १९९३ ला सुलेमान उस्मान बेकरीत पोलीस घुसले, माणसं मारली गेली. आतून गोळीबार होत होता, असं पोलिसांचं म्हणणं होतं. आयोगानं ते मानलं नाही. ज्यांच्याकडं शस्त्र नव्हतं त्यांच्यावर शस्त्राचा नुसता आरोप करून गोळ्या झाडल्या गेल्या. ज्याच्याकडं खरंच असेल त्याची बाजू नंतर कोण ऐकणार?

दुसरा मोठा आकडा भोसकण्याचा. गल्लीच्या तोंडाशी, एकट्या माणसावर, मागून, काही सेकंदांत. तेवढ्या वेळात पिस्तूल बाहेर काढून, माणूस ओळखून, मागं कोण उभं आहे ते बघून चाप ओढणं हे रोज सराव करणाऱ्यालाही अवघड आहे. वर्षातून एकदा फार्महाऊसवर दोन गोळ्या उडवणाऱ्याचं नावच नको.

"पण ट्रेनमध्ये?" हा प्रश्न मला हमखास विचारतात. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानानं चौघांना गोळ्या घातल्या. त्यांतले तिघं मुसलमान प्रवासी होते. त्या गाडीत कुणाकडं पिस्तूल असतं तर? या 'तर'चं उत्तर त्याच घटनेत आहे. पहिला बळी त्या जवानाचा वरिष्ठ होता, त्याच दलाचा सहायक उपनिरीक्षक. प्रशिक्षण घेतलेला, वर्दीतला माणूस. तो स्वतःला वाचवू शकला नाही. १२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्र्यात बाबा सिद्दीकींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्यांनाही पोलीस संरक्षण होतं. ज्याचं ठरलेलं असतं तो वेळ निवडून येतो, आणि ज्याच्यावर तो येतो त्याला ती वेळ कधीच माहीत नसते.

गरज पडेल तेव्हा ते ठाण्यात असेल

समजा, हे सगळं सोडून देऊ. तुमचा हात स्थिर आहे, नजर तेज आहे. तरी परवान्यामागचे नियम वाचा.

निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं जमा करून घेतात. कुणाची घ्यायची हे छाननी समिती ठरवते आणि त्यात ओळखी-पाळखी चालत नाहीत असं कुणी म्हणू नये. शहरात तणाव वाढला की पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात आणि शस्त्र घेऊन फिरायला बंदी येते. म्हणजे शहर शांत असताना पिस्तूल तुमच्या कपाटात आणि शहर पेटायला आलं की ते पोलीस ठाण्यात किंवा कपाटाच्या कुलपात. पावसाळ्यात जप्त होणारी छत्री कुणी लाखभर रुपये देऊन घेईल का?

आणि चाप ओढलाच, तर पुढं काय? भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, जुन्या दंडसंहितेतही होता. पण त्याला अटी आहेत. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता का? जेवढी गरज होती त्याहून जास्त इजा केली का? आणि मी स्वतःला वाचवत होतो हे दाखवण्याची जबाबदारी चाप ओढणाऱ्यावर येते. म्हणजे त्या रात्रीनंतर तुम्ही खुनाच्या गुन्ह्यातले आरोपी. अटक, जामीन, तारखा. खटला किती वर्षं चालतो हे ज्यांच्या घरातलं कुणी आत होतं त्यांना विचारा. आपल्या मोहल्ल्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही.

इथं एक वेगळी गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्यांना परवाना मिळत नाही त्यांतले काही जण कट्ट्याच्या नादी लागतात, तो हातात घेऊन रील टाकतात. विनापरवाना शस्त्राला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे. लग्नात हवेत बार काढला, बंदूक परवान्याची असली तरी, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पंधरा सेकंदांच्या रीलसाठी इंजिनिअरिंगची सीट, पासपोर्ट आणि अम्मीची झोप पणाला लावू नका.

घरातली गोळी बहुतेक घरातच लागते

परवान्याच्या शस्त्रांनी महाराष्ट्रात अलीकडं काय केलं ते आठवा. २ फेब्रुवारी २०२४, उल्हासनगर. एका पोलीस ठाण्याच्या आत आमदार गणपत गायकवाड यांनी विरोधकावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंद झाला, शस्त्र परवान्याचं. त्यानंतर आठवडाही झाला नव्हता, ८ फेब्रुवारीला दहिसरमध्ये अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाईव्ह चालू असताना हत्या झाली. त्यात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं होतं. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदा यांना जुहूच्या घरी गोळी लागली. कुणी शत्रू आला नव्हता. स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून, स्वतःच्याच पायात.

संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यातले शस्त्रपरवाने चर्चेत आले. एका जिल्ह्यात हजाराहून जास्त परवाने. त्यानं बीडचा सामान्य माणूस सुरक्षित झाला का? उत्तर बीडच्याच माणसाला विचारा. देशाचा आकडा हवा असेल तर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणं २०१६ अखेर भारतात साधारण ३३.७ लाख चालू परवाने होते. त्यातले पावणेतेरा लाख एकट्या उत्तर प्रदेशात, महाराष्ट्रात ८४ हजार. शस्त्रानं हिफाजत होत असती तर आपण सगळ्यांनी पोराबाळांना घेऊन लखनौला राहायला गेलं पाहिजे होतं.

घरातल्या बंदुकीवर सगळ्यात जास्त अभ्यास अमेरिकेत झालाय, कारण बंदुकाही तिथंच जास्त आहेत. २०२१ मध्ये तिथं बंदुकीनं सुमारे ४८,८०० माणसं मेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त, २६ हजारांवर, आत्महत्या होत्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीनं आत्महत्या करण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या जवळजवळ आठपट होतं, बायकांत पस्तीसपट. वाईट दिवस सगळ्यांच्या आयुष्यात येतात. नोकरी जाते, नातं तुटतं, धंदा बुडतो. माणूस त्या रात्रीतून बहुतेक वेळा बाहेर येतो. कपाटात भरलेलं पिस्तूल असेल तर त्याला सकाळ मिळतेच असं नाही. आपल्या समाजात डिप्रेशनचं नावही घरात काढत नाहीत. अशा घरात आपण ही वस्तू आणून ठेवतोय.

"पण हा आमचा हक्क आहे"

हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. १८७८ चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या काळातला. त्यात युरोपीय माणसाला सूट आणि हिंदी माणसाला बंदी होती. तो अपमान होता आणि काँग्रेसनं त्याला सुरुवातीपासून विरोध केला. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. म्हणून आज परवाना देताना धर्म बघून कुणाला डावललं, तर मी त्याच्या बाजूनं कोर्टात उभा राहीन. ज्याच्या जिवाला नेमका, नोंदवलेला धोका आहे त्यानं अर्ज करावा, ती त्याची बाब.

पण हक्क असणं वेगळं आणि तो कौमचा कार्यक्रम बनवणं वेगळं. सगळे शस्त्र घेणार असतील तर समोरचेही घेणारच आहेत. त्यांच्याकडं माणसं जास्त, पैसा जास्त, आणि ठाण्यात ओळखही जास्त. या शर्यतीत आपण हरणार हे आकडेमोड येणाऱ्या कुणालाही कळतं. ज्या मैदानात आपण कायम कमी भरणार तिथं स्वतः होऊन का उतरायचं?

भिवंडीनं काय केलं

उपाय नाही असं नाही, आणि तो महाराष्ट्रातच सापडलाय. भिवंडी १९७० मध्ये पेटली, १९८४ मध्ये पुन्हा पेटली. डिसेंबर १९९२ आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता तिसऱ्यांदा. शेजारची मुंबई जळत होती. भिवंडी शांत राहिली.

काय झालं होतं? पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी आधीची काही वर्षं घालवून गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. हिंदू-मुसलमान, यंत्रमाग कामगार, दुकानदार, बायका आणि हद्दीतला पोलीस एकत्र बसत. बोलणं दंगलीवर नसायचं, नळावरच्या भांडणावर, कचऱ्यावर, पोराच्या मारामारीवर असायचं. अफवा आली की कुणाला फोन करायचा, कुणाच्या दारात जायचं, हे आधीच ठरलेलं होतं. दंगलीनंतर मुंबईतही जुलिओ रिबेरो आणि इतरांनी हेच काम मोहल्ला कमिटीच्या नावानं सुरू केलं.

पुन्हा तो आयोगाचा कागद घ्या आणि बघा. पोलिसांचा गोळीबार, गल्लीतली भोसकाभोसकी, जमाव, जाळपोळ. यातल्या प्रत्येकाच्या आड कमिटी येते. ठाण्याचा हवालदार ज्याला नावानं ओळखतो, त्याच्यावर बंदूक रोखताना त्याचा हात थांबतो. शेजारचे काका गल्लीच्या तोंडाशी उभे असतील तर बाहेरचा जमाव आत शिरत नाही. पिस्तूल यातल्या एकाच्याही आड येत नाही.

हे आज कसं करायचं? चार कामं सांगतो, चारही आपल्या वयाच्या पोरापोरींना जमणारी.

एक. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तहसीन पूनावाला खटल्यात सांगितलं की जमावाच्या हिंसेला आळा घालायला प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी हवा. तुमच्या जिल्ह्यात तो कोण? माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या तिकिटावर विचारा. त्याच्या बैठका कधी झाल्या, तेही विचारा.

दोन. नव्या कायद्यानं कुठल्याही ठाण्यात, हद्द न बघता, फिर्याद देता येते. ती कशी द्यायची हे मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरात एकाला तरी आलं पाहिजे. पाच किंवा जास्त जणांनी जात, समाज, भाषा अशा कारणांवरून खून केला तर न्याय संहितेचं कलम १०३(२) लागतं. हा आकडा पाठ करा.

तीन. एका पिस्तुलाच्या पैशात एका मुलीची एलएलबीची फी निघते. मोहल्ल्यात दोन वकील आणि ठाण्यात बेधडक जाऊन बोलणाऱ्या चार बायका असतील तर अर्धी भीती कमी होते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं दार कुठं आहे हे आपल्या किती जणांना माहीत आहे?

चार. आपण सॉफ्टवेअरवाले. अफवेचा व्हिडिओ जुना आहे का, दुसऱ्या शहराचा आहे का, हे पाच मिनिटांत शोधता येतं. प्रत्येक मोहल्ल्यात असं शोधून सगळ्या ग्रुपवर टाकणारे, आणि शेजारच्या हिंदू वस्तीतल्या तसल्याच पोरांचे नंबर जवळ असणारे, दोघं-तिघं हवेत.

यातल्या कशाचाही फोटो शेरवानीवर चांगला येत नाही. शनिवारी संध्याकाळी कमिटीच्या बैठकीला जाणं कंटाळवाणं आहे, आणि माहिती अधिकाराच्या अर्जाला कुणी लाईक देत नाही. पिस्तूल मात्र कमरेला लावताक्षणी माणसाला मोठं झाल्यासारखं वाटतं. दुकानदाराला हे पुरतं माहीत आहे, म्हणून तर खाली मखमल अंथरलेली असते.

तेव्हा पुढच्या वेळी पंगतीत कुणी म्हणालं, "लायसन निकालनाच पडेगा", तर गप्प बसू नका. त्याला विचारा: तुझ्या हद्दीतल्या बीट हवालदाराचं नाव काय? समोरच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या अध्यक्षाचा नंबर तुझ्या मोबाईलमध्ये आहे का? नसेल, तर पिस्तुलाचे पैसे बँकेत राहू दे आणि आधी ही दोन नावं शोध.